‘एसईसीत फाइल केलंय’ म्हणजे नेमकं काय? – अमेरिकेतल्या राज्यांचे सिक्युरिटीज कायदे

मीनल_एडिसन (धागाकर्ती)

गेलं वर्षभर आमच्या इथल्या वॉट्सॅप ग्रुपांवर एकाच साच्याचे मेसेज फिरताहेत. टेक्सासात नाहीतर जॉर्जियात दोन-तीनशे फ्लॅटचं कॉम्प्लेक्स, ओळखीतलाच कोणी ‘स्पॉन्सर’, किमान पन्नास हजार डॉलर, पाच वर्षांत दुप्पट. रविवारी झूमवर माहिती. कोणी शंका काढली की उत्तर ठरलेलं : "एसईसीत फाइल केलंय, सगळं कायदेशीर आहे." (एसईसी म्हणजे इथली सेबी, केंद्र सरकारची.)

मी कायद्याची नाही, आयटीतली. पण परवा ते जे काही ‘फाइल’ केलंय ते एसईसीच्या साइटवर शोधून उघडलं. फॉर्म डी नावाचा, जेमतेम काही पानांचा. स्पॉन्सरचं नाव, पत्ता, किती रक्कम उभी करणार, कोणत्या सवलतीखाली, संपलं. इमारतीवर कर्ज किती, व्याज स्थिर की बदलतं, आज किती फ्लॅट रिकामे, यातलं अवाक्षर नाही.

न्यू जर्सी राज्याचाही स्वतःचा सिक्युरिटीज ब्यूरो (शेअर-रोख्यांचा नियामक) आहे. प्रत्येक राज्याचा असतो म्हणे. मग एकाच व्यवहारावर दोन-दोन सरकारं बसलेली असताना हे कॉम्प्लेक्स तपासलं कोणी? जाणकारांनी उजेड पाडावा. ‘म्युच्युअल फंड घ्या’ हा सल्ला नको, तो घरी रोज मिळतो.

---

खडूस_खजिनदार

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याही मंडळात हेच चाललंय.

---

कोलंबसकर

मी ओहायोत ब्रोकरेजच्या कंप्लायन्समध्ये आहे. वकील नाही, पण रोजचं काम हेच.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : कोणीच नाही. फॉर्म डी ही परवानगी नाही, वर्दी आहे. तीही पहिली विक्री झाल्यावर १५ दिवसांत द्यायची. वाचून मंजूर करणारा कोणी नाही. राज्याकडे त्याचीच प्रत आणि फी जाते. तिथेही कोणी मंजूर करत नाही, कारण तसं करायला राज्याला मनाई आहे.

ही मनाई कुठून आली ते बघायला जरा मागे जाऊ. शेअर विकण्याआधी सरकारची परवानगी काढा, ही सक्ती अमेरिकेत वॉशिंग्टनने आणली नाही. कॅन्ससने आणली, १९११मध्ये. तिथला बँक कमिशनर जे. एन. डॉली त्यामागे होता. शेतकऱ्याच्या हातात पिकाचा पैसा आला की खाणींचे, तेलविहिरींचे शेअर घेऊन विक्रेते दारात हजर. डॉलीचं म्हणणं, आधी मला हिशेब दाखवा, मला पटलं तर विका. दोन वर्षांत तेवीस राज्यांनी या ना त्या रूपात तसे कायदे केले. ‘ब्लू स्काय लॉ’ म्हणतात ते हेच.

दलाल आणि बँकर अर्थात कोर्टात गेले, आणि आधी जिंकलेही. खालच्या फेडरल (केंद्रीय) कोर्टांनी हे कायदे उडवले : राज्य आंतरराज्य व्यापारात लुडबुड करतंय, एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर धंदा टांगला जातोय वगैरे. मग २२ जानेवारी १९१७ला सुप्रीम कोर्टाने ओहायो, साउथ डकोटा आणि मिशिगन अशा तिन्ही प्रकरणांत राज्यांच्या बाजूने निकाल दिला. मुख्य खटला हॉल विरुद्ध गायगर-जोन्स. ही फर्म आमच्याच राज्यातली, कॅन्टनची. कोर्ट म्हणालं, रहिवाशांना फसवणुकीपासून वाचवणं हे राज्याचं मूळ काम आहे आणि कायदा लागू होतो तो राज्यात होणाऱ्या विक्रीला. एकटे न्या. मॅकरेनल्ड्स विरोधात होते.

तो निकाल उलटा लागता तर पुढचं काहीच झालं नसतं. १९३३ साली फेडरल कायदा आला तोवर नेवाडा सोडून बाकी सगळ्या राज्यांचे कायदे होते, आणि काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) ते तसेच राहू दिले. तब्बल त्रेसष्ट वर्षं दोन्ही चाळण्या एकावर एक होत्या. १९९६च्या कायद्याने (एनएसएमआयए, आम्ही ‘निस्मिया’ म्हणतो) वरची एक काढली. एक्स्चेंजवर नोंदलेले शेअर, म्युच्युअल फंड आणि एसईसीच्या नियम ५०६खाली खासगीत विकलेले रोखे, हे सगळे ‘कव्हर्ड सिक्युरिटी’. यांची नोंदणी किंवा गुणवत्ता राज्याने तपासायची नाही. फी घ्या, प्रत ठेवा, फसवणूक झाली तर कारवाई करा.

म्हणजे सोसायटीचा वॉचमन काढून टाकला आणि चोरीची तक्रार लिहून घेणारा हवालदार ठेवला. शेअरबाजाराच्या बाबतीत ते खपून गेलं, कारण तिथे एसईसी आणि एक्स्चेंज आहेत. पण ५०६च्या बाबतीत एसईसीही आधी बघत नाही. तुमचं कॉम्प्लेक्स त्या फटीत आहे.

---

शेअरबाजीराव

कोलंबसकर, माहिती झकास, पण रडगाणं कशाला? वॉचमनने काय दिवे लावले तेही सांगा. डिसेंबर १९८०मध्ये ॲपलचा आयपीओ आला, बावीस डॉलरला शेअर. मॅसॅच्युसेट्सच्या नियामकांनी ठरवलं की हा फार जोखमीचा, आपल्या लोकांना विकायचा नाही. त्या राज्यातल्या सामान्य माणसाला तो आयपीओ मिळाला नाही! सरकारी बाबूने ‘हा धंदा चांगला, हा वाईट’ ठरवायचं म्हटलं की असंच होणार. माहिती उघड करा, बाकी ज्याचं त्याने बघावं. निस्मिया आला ते बरंच झालं.

---

बॉस्टनची_वकील

ॲपलचा किस्सा खरा आहे आणि आमच्या राज्याला तो जन्मभर पुरणार. पण बाजीराव, एका ॲपलबरोबर त्या काळात अडवलेल्या शंभर भुक्कड कंपन्या कोणाच्या लक्षात राहत नाहीत, कारण त्या नंतर मेल्या. अडवलेल्या नुकसानीची बातमी होत नाही.

शिवाय ‘माहिती उघड करा’ म्हणता, पण ५०६मध्ये तीही सक्ती बहुतेक नाही. सगळे घेणारे ‘ॲक्रेडिटेड’ असतील (घर सोडून दहा लाख डॉलरची मालमत्ता, किंवा एकट्याचं दोन लाख, जोडप्याचं तीन लाख वार्षिक उत्पन्न), तर ठरावीक नमुन्यात काही द्यावंच लागत नाही. आपल्या लोकांत दोघं आयटीत असली की तीन लाख सहज होतात. कायद्याच्या लेखी ती ‘स्वतःची काळजी घेऊ शकणारी’ मंडळी. मीनल, तुम्ही त्यात बसत असणार.

आता तुमच्या कामाचं. नियम ५०६चे दोन प्रकार आहेत. ५०६-बी : जाहिरात बंद, आधीच्या ओळखीतल्यांनाच विचारायचं, ॲक्रेडिटेड नसलेले फार तर ३५. ५०६-सी : जाहिरात चालेल, पण प्रत्येक घेणारा ॲक्रेडिटेड आहे याची खात्री करायची. नुसती टिकमार्क नव्हे, कागद बघून. आता सांगा, तुमच्या ग्रुपवर किती लोक आहेत आणि फॉर्म डीवर कोणत्या चौकटीत खूण आहे?

---

मीनल_एडिसन

ग्रुपवर चारशेच्या वर. निम्मी माणसं मी कधी पाहिलेलीही नाहीत. आणि हो, फॉर्मवर खूण ५०६-बीवर आहे!

---

बॉस्टनची_वकील

तर मग गंमत पुढे आहे.

चारशे अनोळखी लोकांच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज ही जाहिरात आहे, असं म्हणायला बराच वाव आहे. तसं ठरलं तर ५०६-बीची सवलत बसत नाही. बसत नाही म्हटलं की तो रोखा ‘कव्हर्ड’ नाही. कव्हर्ड नाही म्हणजे राज्याचा नोंदणीचा नियम परत लागू. नोंदणी तर केलेलीच नाही. मग राज्याच्या कायद्याने घेणाऱ्याला पैसे परत मागता येतात : मूळ रक्कम, व्याज, वकिलाची फी, मधे मिळालेलं उत्पन्न वजा जाता. फसवायचा इरादा होता का, हा प्रश्नच येत नाही.

पण ही साखळी चालते का, हे निस्मियात स्पष्ट लिहिलेलं नाही. ते कोर्टांनी ठरवलं, आणि वेगवेगळं ठरवलं. फ्लॉरिडातल्या एका फेडरल कोर्टाने २००२मध्ये (टेंपल विरुद्ध गोरमन) म्हटलं, विकणाऱ्याने ‘मी ५०६खाली विकतोय’ म्हटलं की पुरे, राज्याने बाजूला व्हायचं. नियम पाळला नसेल तर एसईसी बघेल. कोलंबसकरांच्या सर्किटने (ओहायो ज्यात येतं त्या फेडरल अपील कोर्टाने) २००७मध्ये (ब्राउन विरुद्ध अर्थबोर्ड स्पोर्ट्‌स) याच्या नेमकं उलट सांगितलं : सवलतीच्या अटी खरोखर पूर्ण झाल्या असतील तरच राज्याचा हात अडतो. पुढे बऱ्याच कोर्टांनी हाच दुसरा मार्ग धरला.

माझ्या मते दुसराच बरोबर. नाहीतर फॉर्मवर एक खूण केली की पन्नास राज्यांचे कायदे गायब, असा अर्थ होतो.

---

कोलंबसकर

+१. अर्थबोर्डनंतर आमच्याकडच्या स्पॉन्सरांचे वकील ‘आधीची ओळख’ सिद्ध करणारे तक्ते ठेवायला लागले : कोण, कुठे भेटलं, कधी फोन झाला. कायद्यात एक अक्षर बदललं नव्हतं. धंद्याची रीत बदलली.

आणखी एक कोणी सांगत नाही ते. २०१३पासून ५०६ला ‘बॅड ॲक्टर’ची अट आहे. एखाद्या राज्याच्या नियामकाने फसवणुकीबद्दल अंतिम आदेश काढला, तर तो माणूस ठरावीक काळ ५०६ वापरू शकत नाही. म्हणजे काँग्रेसने ज्या राज्यांना दाराबाहेर उभं केलं, त्यांच्याच आदेशाने फेडरल सवलत जाते. छोट्या राज्याच्या छोट्या अधिकाऱ्याची ही सही पुढे बरीच वर्षं पुरते.

---

नाशिकचा_चिवडा

बाळबोध शंका. इमारत म्हणजे जमीन-जुमला ना? त्यात वाटा घेतला तर ती ‘सिक्युरिटी’ कशी झाली? शेअर नाही, बाँड नाही.

---

बॉस्टनची_वकील

बाळबोध नाही, शंभर वर्षांचा वाद आहे तो.

राज्यांच्या जुन्या कायद्यांत सिक्युरिटीच्या यादीत शेवटी ‘इन्व्हेस्टमेंट कॉन्ट्रॅक्ट’ असं टाकलेलं असे, व्याख्या न देता. मिनेसोटात गोफर टायर नावाची कंपनी प्रमाणपत्रं विकत होती. घेणाऱ्याने तिच्या टायरांची शिफारस करायची आणि नफ्यात वाटा मिळवायचा. १९२०मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च कोर्टाने म्हटलं, उत्पन्न किंवा नफा मिळावा म्हणून पैसा लावणं ही गुंतवणूकच, नाव काहीही द्या. काँग्रेसने १९३३मध्ये तेच दोन शब्द उचलले, पुन्हा व्याख्या न देता.

मग १९४६चा प्रसिद्ध हाउई खटला. फ्लॉरिडात संत्र्याच्या बागेचे तुकडे विकायचे आणि सोबत बाग राखायचा करार. घेणारे बहुतेक जवळच्या हॉटेलात उतरलेले परराज्यातले पाहुणे, संत्रं कसं लावतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. सुप्रीम कोर्टाने कसोटी दिली : पैसा, सामाईक उद्योग, नफ्याची अपेक्षा, तोही दुसऱ्यांच्या मेहनतीतून. ती देताना कोर्टाने स्वच्छ म्हटलं की हा शब्द राज्यांच्या कोर्टांनी आधीच घडवलाय, काँग्रेसने तो त्या अर्थासकट घेतला. गोफर टायरचा दाखलाही दिला. आज क्रिप्टोवरच्या प्रत्येक खटल्यात जी कसोटी लावतात तिचं माहेर मिनेसोटा.

तुमची इमारत हाउईत आरामात बसते. तुम्ही भाडेकरू शोधणार नाही, नळ दुरुस्त करणार नाही, सगळं स्पॉन्सर करणार.

आणि काही राज्यं हाउईच्याही पुढे गेली. कॅलिफोर्नियात १९६१मध्ये सिल्व्हर हिल्स कंट्री क्लब : क्लब अजून बांधायचाच होता, मेंबरशिप विकून पैसा उभा करत होते. मेंबरांना नफा मिळणारच नव्हता, फक्त पोहायला आणि खेळायला मिळणार. हाउईने ती सिक्युरिटी नाही. पण न्या. ट्रेनर म्हणाले, क्लब उभा राहायच्या आधी जोखमीचं भांडवल या लोकांनी दिलंय, संरक्षण त्यांनाच हवं. ही ‘रिस्क कॅपिटल’ कसोटी पुढे हवाईसारख्या राज्यांनी आपापल्या पद्धतीने उचलली. म्हणून फेडरल कायद्याने जे रोखा नाही ते एखाद्या राज्यात रोखा असू शकतं.

---

शेअरबाजीराव

हेच तर माझं दुखणं! पन्नास राज्यं, पन्नास व्याख्या. छोटा उद्योजक वकिलांना पोसून मरतो. तुम्हा लोकांचं ठीक आहे, फी मिळते. :)

---

बॉस्टनची_वकील

फी मिळते, नाकारत नाही. :) पण पन्नास व्याख्या हे जरा ताणलेलं. १९५६मध्ये हार्वर्डच्या लुई लॉस यांनी एक नमुना कायदा लिहून दिला आणि बहुतेक राज्यांचे कायदे त्याच्याच अंगाने आहेत. फरक पडतो तो कोर्टांमुळे आणि नियामकांमुळे.

---

बँकवाले_काका

सर्वांना नमस्कार. मी निवृत्त, ठाण्यात असतो. सहकारी बँकेत आयुष्य गेले. हे वाचताना सतत आपला एमपीआयडी, म्हणजे महाराष्ट्राचा ठेवीदार संरक्षण कायदा, आठवत होता, म्हणून लिहितो. अवांतर वाटल्यास सांगा.

आपल्याकडे शेअरबाजार घटनेनेच केंद्राच्या यादीत. त्यामुळे अमेरिकेसारखा राज्याचा सिक्युरिटीज कायदा असा नाही. पण नव्वदच्या दशकात सागवान लावून देतो, बागायत करून देतो, दामदुपटीने परत देतो अशा योजनांत लोक बुडाले. तेव्हा तमिळनाडूने १९९७मध्ये ठेवीदार संरक्षण कायदा केला आणि महाराष्ट्रानेही तसाच, १९९९चा अधिनियम. ठेव बुडवली तर सहा वर्षांपर्यंत कैद, मालमत्तेवर टाच, सक्षम प्राधिकारी, विशेष न्यायालय. गोव्यातही असा कायदा आहे.

आता कोर्टाचे बघा. २००५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने आपला कायदा रद्दच केला. ठेवी, बँकिंग, कंपन्या हे केंद्राचे विषय, राज्याला हक्कच नाही, असे कारण. पुढे तसाच तमिळनाडूचा कायदा मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने वैध ठरवला! दोन राज्ये, जवळजवळ सारखे कायदे, उलट निकाल. ४ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने (के. के. भास्करन प्रकरण) तमिळनाडूचा कायदा उचलून धरला आणि मुंबईचे मत मान्य नाही असे सांगितले. म्हणणे हेच, की कायद्याचा गाभा लोकांची लूट थांबवणे हा आहे, ते राज्याच्या कक्षेत येते.

तुम्ही १९१७चे जे सांगितले, त्याच्याशी मला हे फार जवळचे वाटले.

---

मीनल_एडिसन

काका, अजिबात अवांतर नाही. लिहा ना आणखी. एनएसईएलचं (मालाच्या सौद्यांचं ते नॅशनल स्पॉट एक्स्चेंज) काय झालं? माझ्या मामांचे पैसे तिथे होते.

---

बँकवाले_काका

एनएसईएल हा तर धडाच आहे. ३१ जुलै २०१३ला व्यवहार थांबले. सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले, सुमारे तेरा हजार गुंतवणूकदारांचे. कागदावर मालाचा सौदा होता : आज दोन दिवसांच्या सौद्यात माल घ्यायचा, त्याच वेळी पंचवीस दिवसांच्या सौद्यात विकायचा, मधला फरक ठरलेला. लोक त्याला ठरावीक व्याजाची ठेवच समजत होते आणि दलालही तशीच विकत होते. गोदामात माल बराचसा नव्हताच.

महाराष्ट्र शासनाने एमपीआयडीखाली मूळ कंपनीच्या, म्हणजे ६३ मून्सच्या, मालमत्तेवर टाच आणली. कंपनी म्हणाली, एक्स्चेंज म्हणजे वित्तीय संस्था नव्हे, आणि ही ठेव नव्हे. २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते मान्य करून टाच रद्द केली. २२ एप्रिल २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. आपल्या कायद्यात ‘ठेव’ची व्याख्या फार रुंद आहे : पैसा किंवा मौल्यवान वस्तू स्वीकारणे, आणि मुदतीनंतर किंवा अन्यथा रोख, वस्तू वा सेवेच्या रूपात परत करणे. कोर्टाने ती जशी लिहिली तशी वाचली. हाउईत संत्री, इथे गोदामातला माल.

नऊ वर्षे फक्त ‘कायदा लागतो की नाही’ यात गेली. गुंतवणूकदारांत म्हातारी माणसे होती.

---

खडूस_खजिनदार

काका, दंडवत. हा भाग वेगळ्या लेखाचा आहे.

पण मग सेबी काय करत होती, हा प्रश्न येतोच. सामूहिक गुंतवणूक योजना सेबीकडे ना?

---

बँकवाले_काका

आहेत ना. सेबी कायद्यात कलम ११एए आहे, त्याची कसोटी हाउईच्या जवळची : पैसा एकत्र, नफ्याची आशा, कारभार दुसऱ्याकडे, रोजच्या कामात गुंतवणूकदाराचा हात नाही. त्यालाही आव्हान दिले गेले होते. पीजीएफ कंपनी म्हणाली, आम्ही शेतजमीन विकतो आणि जमीन हा राज्याचा विषय, केंद्र मधे कोण? मार्च २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. म्हणजे कंपनी राज्यापुढे म्हणते ‘आम्ही केंद्राचे’ आणि केंद्रापुढे म्हणते ‘आम्ही राज्याचे’.

---

कोलंबसकर

काका, शेवटचं वाक्य इथेही जसंच्या तसं लागू.

न्यू जर्सीचाच खटला देतो. ए. एस. गोल्डमन नावाचा ब्रोकर न्यू जर्सीच्या ऑफिसात बसून, न्यू जर्सीत विकायला मनाई असलेला शेअर फोनवरून इतर राज्यांतल्या लोकांना विकत होता. ब्यूरोने हरकत घेतल्यावर म्हणाला, घेणारे तुमचे रहिवासी नाहीत, हा आंतरराज्य व्यापार, तुम्हाला काय त्याचं? १९९९मध्ये थर्ड सर्किटने ब्यूरोची बाजू घेतली. सौद्याचं एक टोक राज्यात असलं की राज्याला बोलता येतं, आणि आपल्या हद्दीतून बाहेर लबाडी जाऊ न देण्यात राज्याचंही हित आहे. मीनल, तुमचा स्पॉन्सर एडिसनमधून ओहायोतल्या लोकांना फोन करत असेल तर दोन्ही राज्यांच्या नियामकांना त्यात बोलता येतं.

---

शेअरबाजीराव

बरं, एक प्रामाणिक प्रश्न. राज्यांनी अलीकडे एसईसीच्या *आधी* काही पकडलंय का? की नुसती मागून हजेरी?

---

बॉस्टनची_वकील

आहे की. ब्लॉकफाय, ऑफिस जर्सी सिटीत. क्रिप्टो ठेवा, व्याज घ्या. जुलै २०२१मध्ये न्यू जर्सीच्या ब्यूरोने पहिला आदेश काढला : ही व्याजाची खाती म्हणजे नोंदणी नसलेले रोखे. लगेच इतर राज्यं आली. एसईसीचा तोडगा निघाला फेब्रुवारी २०२२मध्ये, एकूण दहा कोटी डॉलर, निम्मे एसईसीला आणि निम्मे राज्यांना. नोव्हेंबरमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

न्यूयॉर्कचं तर वेगळंच प्रकरण आहे. तिथला मार्टिन ॲक्ट, म्हणजे सिक्युरिटीजमधल्या फसवणुकीविरुद्धचा कायदा, १९२१चा. १९२६मध्येच तिथल्या सर्वोच्च कोर्टाने ठरवून टाकलं की त्याखाली इरादा सिद्ध करायची गरज नाही. फसवणुकीविरुद्धच्या फेडरल नियम १०बी-५मध्ये १९७६पासून तो सिद्ध करावा लागतो. हे हत्यार बरीच वर्षं गंजत पडलं होतं. २००२मध्ये ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी ते काढलं : मेरिल लिंचचे विश्लेषक बाहेर ‘घ्या’ सांगत होते आणि आतल्या ईमेलमध्ये त्याच शेअरना शिव्या घालत होते. मेरिलने दहा कोटी डॉलर भरले आणि पुढच्या वर्षी दहा मोठ्या फर्मांनी मिळून सुमारे १४० कोटी. एसईसी त्यात मागून आली.

पण कोर्टाने त्या हत्याराला मर्यादाही घातल्या. सामान्य गुंतवणूकदाराला मार्टिन ॲक्टखाली स्वतः दावा लावता येत नाही, असं १९८७मध्ये ठरलं. मग काही कोर्टं म्हणायला लागली की त्याला नेहमीचा फसवणुकीचा किंवा विश्वासभंगाचा दावाही लावता येणार नाही, कारण तेवढ्यासाठी ॲटर्नी जनरल आहेत. हा निव्वळ अन्याय होता. २०११मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टाने तो मोडून काढला. २०१८मध्ये त्याच कोर्टाने ॲटर्नी जनरलची दाव्याची मुदत तीन वर्षं धरली आणि पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा करून ती सहा केली.

बाजीराव, तुम्हाला दिलासा म्हणून राज्यांचा एक पराभवही सांगते. २०१५मध्ये एसईसीने ‘रेग्युलेशन ए’च्या (छोट्या कंपन्यांना सोप्या अटींवर लोकांकडून भांडवल घेऊ देणारा नियम) मोठ्या टप्प्यातले इश्यू राज्यांच्या तपासणीतून सोडवले. मॅसॅच्युसेट्स आणि माँटॅना कोर्टात गेले आणि २०१६मध्ये हरले. काँग्रेसने व्याख्या करायचं काम एसईसीवर सोपवलं होतं, तिने ती हवी तितकी सैल केली, कोर्टाने चालवून घेतली.

---

शेअरबाजीराव

ब्लॉकफायचा मुद्दा मान्य. ॲपलवरून हटणार नाही.

आणि तुमच्या गॅल्विनसाहेबांचं (मॅसॅच्युसेट्सचे सेक्रेटरी, सिक्युरिटीज खातं त्यांच्याकडे) रॉबिनहूड या शेअर-ॲपवरचं प्रकरण राहिलंच. ॲपवर रंगीत कागद उडवले म्हणून खटला!

---

बॉस्टनची_वकील

कागद हे निमित्त. मॅसॅच्युसेट्सने २०२०मध्ये नियम केला की ब्रोकरनेही ग्राहकाचं हित विश्वस्तासारखं बघायचं, एसईसीच्या नव्या नियमापेक्षा कडक. रॉबिनहूड म्हणालं, असा नियम करायचा अधिकारच नाही आणि फेडरल नियमाशी तो भांडतो. खालच्या कोर्टात ते जिंकले. ऑगस्ट २०२३मध्ये आमच्या सर्वोच्च कोर्टाने उलटवलं : विधिमंडळाने सेक्रेटरीला तेवढा अधिकार दिलाय, आणि एसईसीने ठरवलेली पातळी हे छत नाही. जानेवारी २०२४मध्ये ७५ लाख डॉलरवर मिटलं.

आकडा किरकोळ आहे. पण आता दुसरं एखादं राज्य असा नियम करायला निघालं तर त्याच्या हातात हा निकाल आहे. म्हणून मी याला ब्लॉकफायपेक्षा मोठं मानते.

---

मीनल_एडिसन

बापरे, केवढं मिळालं. सगळ्यांचे आभार. आज दोन स्पॉन्सरांना सरळ विचारलं : बी की सी? न्यू जर्सीत वर्दी कधी दिली? तुमच्यावर कोणत्याही राज्याचा आदेश आहे का?

पहिल्याने तासाभरात उत्तर पाठवलं : ५०६-सी, सीएचं पत्र लागेल, वर्दीची तारीख, आणि इमारतीच्या कर्जाचे कागद. दुसऱ्याने (तोच चारशेचा ग्रुप) लिहिलं, "ताई, तुम्हाला गुंतवणूक करायची आहे की ऑडिट?" आणि मला ग्रुपमधून काढलं.

---

खडूस_खजिनदार

मला अजून काढलेलं नाही. स्क्रीनशॉट हवे असतील तर सांगा.

---

कोलंबसकर

ठेवा जपून. मेसेजची तारीख आणि सदस्यसंख्या दिसेल असे घ्या. जाहिरात होती की ओळखीतलं बोलणं, हा वाद झाला तर तेच लागतं. पहिल्या स्पॉन्सरचं नाव ब्यूरोकडे आणि फिनराच्या (ब्रोकरांची नियामक संस्था) ब्रोकरचेक साइटवरही घालून बघा.

---

बॉस्टनची_वकील

आणि ज्यांनी दुसऱ्याकडे आधीच पैसे दिलेत त्यांनी थांबू नये. नोंदणीच्या मुद्द्यावर पैसे परत मागायची मुदत राज्यागणिक वेगळी आहे, काही ठिकाणी एकच वर्ष. ‘पाच वर्षांनी बघू’ म्हणाल तर दार बंद झालेलं असेल. व्यनि करा, तुमच्या राज्यातला वकील कसा शोधायचा ते सांगते. केस मी घेणार नाही, बाजीरावांनी नोंद घ्यावी.